वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक रकाना असतो. जन्मतारीख, जात, आधीची शाळा, अभ्यासातील प्रगती यांच्या रांगेत तो निमूट बसलेला असतो आणि बहुतेक दाखल्यांवर त्यात एकच शब्द असतो : चांगली. बाकाखाली लवंगी लावणारा मुलगाही ‘चांगली’ आणि पहिल्या बाकावरची मीही ‘चांगली’. दहावीचा दाखला हातात पडला तेव्हा मला या समानतेचा रागच आला होता. पुढे पोटापाण्यासाठी मी तोच शब्द लिहीत बसले. एका कॉलेजच्या ऑफिसात माझी उभी नोकरी गेली. कॉलेजचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच.

जून आला की खिडकीवर रांग लागायची. जनरल रजिस्टर काढायचं, नोंदीवर पट्टी ठेवून डोळा चुकू द्यायचा नाही, दाखला भरायचा, गोल शिक्का उमटवायचा, पुस्तक प्राचार्यांच्या टेबलावर न्यायचं. दाखला हरवलेला असला तर वर लाल शाईत ‘दुसरी प्रत’. शिवाय वेगळा वर्तणुकीचा दाखला : ‘आमच्या माहितीप्रमाणे यांची वर्तणूक चांगली आहे.’ त्यातल्या ‘आमच्या माहितीप्रमाणे’ या शब्दांच्या आडोशाने कॉलेज सुरक्षित राहायचं. आम्हाला खरं तर कोणाचीच माहिती नसे. फी भरली आहे, ग्रंथालयाचं पुस्तक बाकी नाही, एवढ्यावर चारित्र्य ठरायचं. मला वाटतं ते तसंच ठरावं. माणसाबद्दल वाईट काही शाबित नसेल तर लिहायचा शब्द तोच असायला हवा.

आमच्या घरात हा रकाना माझ्या आधीपासून होता. आजी बालविधवा. ती हिंगण्याच्या आश्रमात शिकायला आली तेव्हा कर्वेनगर हे नाव नव्हतं. हिंगणे बुद्रुक नावाचं खेडं होतं. गावाकडच्या नातेवाइकांच्या लेखी हिंगण्याला जाणं हीच वर्तणूक बिघडल्याची खूण. त्यात त्यांचाही दोष किती म्हणायचा! तो आश्रम काढणाऱ्या खुद्द अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं, पुढे वस्तीलाच त्यांचं नाव लागलं. बहिष्कार घालणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं आज अभिमानाने कर्वेनगरचा पत्ता सांगत असतील. आजी मात्र म्हणायची, ‘आपलं चुकलं’ असं म्हणत तिच्याकडे कोणी आलं नाही. लग्नाच्या पत्रिका तेवढ्या पुन्हा येऊ लागल्या.

मग आमच्या इमारतीतल्या मुलाचं प्रकरण झालं. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा, आमच्याच कॉलेजात. फाटकाबाहेर दोन गटांत दगडफेक झाली, एका हवालदाराच्या कपाळाला टाके पडले. रात्री पोलिसांनी मुलं उचलली, त्यात हाही. बेकायदा जमाव, दंगल आणि कलम ३५३, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला. त्या वेळी तो ग्रंथालयात होता. आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ त्याच्याच अक्षरात रजिस्टरमध्ये लिहिलेली होती. शाई पसरलेली, कारण बाहेर पाऊस होता आणि हात ओला होता. ते रजिस्टर वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून आमचे ग्रंथपाल कोर्टात नेत. शिवाजीनगरला जायचं, व्हरांड्यात उभं राहायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं.

अटकेच्या दिवशी इमारतीत प्रत्येकाला मत होतं. ‘हल्लीची मुलं’ इथपासून ‘आई नोकरी करते ना’ इथपर्यंत. काकूंच्या दारातली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच पडून होती, एवढं मला आठवतं. तो जामिनावर बाहेर आला आणि शेवटचं वर्ष संपवून दाखला मागायला माझ्याच खिडकीवर उभा राहिला. प्राचार्यांनी मला आत बोलावलं. वर्तणुकीच्या रकान्यात काही लिहू नका, आडवी रेघ मारा. मी म्हटलं, सर, खटला चालू आहे, शाबित काही नाही. ते म्हणाले, म्हणूनच रेघ. वाईट लिहिलेलं नाही ना आपण? माणूस दुष्ट नव्हता, घाबरट होता. त्या दाखल्यावर मी मारलेली रेघ मुलाने खिडकीतूनच पाहिली आणि काही न बोलता दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली.

सहा वर्षांनी निकाल लागला. रजिस्टर कामाला आलं, पण त्याहून कामाला आला तो हवालदार. टाके पडलेल्या माणसाने साक्षीच्या पिंजऱ्यात सांगितलं, दगड मारणाऱ्यांत हा नव्हता. निर्दोष मुक्तता. काकूंनी चितळ्यांचे पेढे वाटले. आणि तेच पेढे तोंडात असताना मी जी वाक्यं ऐकली ती अजून कानात आहेत. ‘बरं झालं हो, सुटला एकदाचा.’ ‘आता विसरून जा सगळं, मन मोठं करा.’ ‘पण संगत जपायला हवी.’ आणि जिन्यात, काकू वर गेल्यावर : ‘हवालदाराला मॅनेज केलं असणार.’ म्हणजे ज्याने खरं सांगून आपल्याच खात्याची बाजू पाडली, त्या माणसालाही आमच्या इमारतीने खोटं ठरवलं. मुलगा निर्दोष असू शकतो एवढं मात्र मान्य केलं नाही.

तेव्हापासून अशा बातम्या आल्या की मी निकालापेक्षा निकालावरच्या प्रतिक्रिया जास्त लक्ष देऊन ऐकते. आरोप झाला की सगळे न्यायाधीश होतात आणि सुटका झाली की सगळे डॉक्टर : विश्रांती घ्या, त्रास करून घेऊ नका, मागचं काढू नका. सुटलेल्याने गप्प बसावं, शक्यतो आभार मानावेत, अशी आपली अपेक्षा असते. तो चिडून बोलला, नुकसानभरपाईचं नाव काढलं, की लगेच ‘बघा, आहेच तसा’.

आमच्या घरापासून लांब नसलेल्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेत २०१५ साली विद्यार्थ्यांचा संप झाला, गजेंद्र चौहान यांच्या अध्यक्षपदाविरुद्ध. १३९ दिवस चालला. ऑगस्टमध्ये संचालकांना घेराव घातल्यावरून पोलीस मध्यरात्री आवारात शिरले आणि पाच विद्यार्थ्यांना घेऊन गेले. पुढे पस्तीस जणांवर आरोपपत्र दाखल झालं. त्या दिवसांत नळस्टॉपच्या चहाच्या गाडीवर मी ऐकलेलं मत असं : करदात्यांच्या पैशावर वर्षानुवर्षं पडून राहणारी पोरं. त्या पस्तिसांत पायल कपाडिया होती. मे २०२४ मध्ये तिच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं. पंतप्रधानांनी अभिनंदन केलं, संस्थेने आपली माजी विद्यार्थिनी म्हणून कौतुक केलं, पुण्यानेही ‘आपली’ म्हटलं. खटला त्या दिवशीही पुण्याच्या कोर्टात उभा होता, जूनची तारीख पडलेली होती. कोर्टाच्या आधी लोकांनी तिला मोकळं केलं, आणि ते काही आरोपपत्र वाचून नव्हे. उरलेल्या चौतिसांना कानचं बक्षीस नाही. त्यांनी काय करावं?

याच्या उलट टोकाला हेम मिश्रा. दिल्लीच्या जेएनयूचा विद्यार्थी, मूळचा अल्मोड्याचा, ऑगस्ट २०१३ मध्ये माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून गडचिरोली पोलिसांनी पकडला. प्रा. साईबाबांसह मार्च २०१७ मध्ये जन्मठेप. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना सोडलं, कारण यूएपीएखाली खटल्याची मंजुरीच नीट नव्हती. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाचं खास पीठ बसलं आणि स्थगिती आली. तेव्हा सर्वत्र एकच वाक्य होतं : तांत्रिक मुद्द्यावर सुटत होते. प्रकरण परत नागपूरला आलं आणि ५ मार्च २०२४ रोजी दुसऱ्या पीठाने पुन्हा निर्दोष ठरवलं. या वेळी मंजुरीच नव्हे, जप्ती शाबित नाही, इलेक्ट्रॉनिक पुरावा ग्राह्य नाही, असं सगळं तपासून. सर्वोच्च न्यायालयाने या वेळी स्थगिती नाकारली. पण ‘तांत्रिक मुद्दा’ लोकांच्या तोंडून गेला नाही. दुसरा निकाल वाचायला कोणाला वेळ होता? त्या खटल्यातल्या सहा आरोपींतला गडचिरोलीचा आदिवासी तरुण पांडू नरोटे पहिल्या निकालाच्या आधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, नागपूरच्या तुरुंगात आजारी पडून वारला होता. साईबाबा सुटल्यावर सात महिन्यांनी गेले.

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. हे विद्यार्थी नव्हते, पण प्रतिक्रियेचा नमुना तोच म्हणून सांगते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एकच प्रश्न : मग केलं कोणी? प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. एकशे ऐंशीहून जास्त माणसं गेली, त्यांच्या घरच्यांनी तो विचारायलाच हवा. पण तो तपास करणाऱ्यांना विचारायचा की एकोणीस वर्षं आत राहिलेल्यांना? आमच्या ग्रुपवर तो दुसऱ्यांकडेच रोखलेला होता. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढ्यापुरती, स्थगिती दिली, त्या लोकांना परत तुरुंगात न पाठवता. ती बातमी आली तेव्हा ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली.

अमेरिकेत निदान एकदा वेगळं घडलं होतं. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघातल्या तिघांवर बलात्काराचा आरोप झाला. संघाचा हंगाम रद्द झाला, अठ्ठ्याऐंशी प्राध्यापकांच्या नावाने वर्तमानपत्रात जाहिरात आली. पुढच्या एप्रिलमध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल रॉय कूपर यांनी आरोप तर मागे घेतलेच, वर ही मुलं निर्दोष आहेत असं स्पष्ट शब्दांत जाहीर केलं. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली, एक दिवस तुरुंगही झाला. ती श्रीमंत घरची मुलं होती, मोठे वकील होते, हे खरं. पण सरकारच्या तोंडून तो शब्द निघाला. आपल्याकडे ‘संशयाचा फायदा’ देऊन सोडतात, आणि त्यातला ‘संशय’ तेवढा लोक लक्षात ठेवतात. आपल्या विधी आयोगाने २०१८ मध्ये चुकीच्या खटल्यांत अडकलेल्यांना भरपाई देण्याचा कायदा सुचवणारा अहवाल, क्रमांक २७७, दिला. कायदा झालेला नाही.

कागदाचं मात्र सगळं चोख असतं. आमच्या इमारतीतल्या त्या मुलाने सरकारी परीक्षा दिली, पास झाला, साक्षांकन नमुना आला. तुम्हाला कधी अटक झाली होती का? खटला चालला होता का? निर्दोष सुटला असलात तरी ‘हो’ लिहायचं. खोटं लिहिलं तर नोकरी जाते, हे ठीकच. पण खरं लिहिलं तरी खात्री नाही : २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय की संपलेल्या खटल्याची माहिती खरी दिली तरीही नेमणूक करणारा पूर्वचरित्र विचारात घेऊ शकतो, नेमणूक देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. याची फाइल कुठल्याशा टेबलावर थांबली ती थांबलीच. कंटाळून तो खासगी कंपनीत लागला. बढती मिळाली, वारज्यात फ्लॅट घेतला. काकू गेल्या.

मे २०२५ मध्ये कोंढव्यातल्या अभियांत्रिकीच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीला, ऑपरेशन सिंदूरवरची पोस्ट पुढे पाठवली म्हणून, अटक झाली. तिने ती दोन तासांत काढून टाकली होती, माफीही मागितली होती. कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढून टाकलं. उच्च न्यायालयाने २७ मे रोजी जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला, परीक्षेला बसू द्या असं सांगितलं, आणि सरकारला झापलं. हा जामीन होता, निकाल नव्हे. त्या संध्याकाळी काकूंचा मुलगा माझ्याकडे आला होता, पासपोर्टच्या कागदांचा गठ्ठा घेऊन. बातमी पाहून म्हणाला, हिचं कोर्टाने पंधरा-वीस दिवसांत ऐकलं, नशीबवान आहे. मला राग आला. यात नशीब कसलं? तो म्हणाला, मावशी, तुम्ही सहा वर्षं तारखा केल्या नाहीत.

पासपोर्टसाठी चौकशीला आलेला पोलीस तरुण होता. निकालाची साक्षांकित नक्कल त्याने बसून शेवटच्या पानापर्यंत वाचली. असं करणारा मी पाहिलेला तो पहिलाच. वाचून झाल्यावर विचारलं, मग तुम्हाला धरलं कशाला होतं? हा म्हणाला, साहेब, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. पोलीस हसला, चहा घेतला, सही घेऊन गेला. पासपोर्ट आला. आता कंपनी त्याला अमेरिकेला पाठवते आहे आणि व्हिसाच्या अर्जात पुन्हा विचारलंय, कधी अटक झाली होती का. त्याने ‘हो’ लिहिलंय, आणि खाली खटल्याचा क्रमांक, कोर्ट, तारीख.