नकाशात आलेली वाट

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकतो.

2022 मध्ये माझं लग्न ठरलं. पुण्याहून ऑफिसचे आठ-दहा मित्र येणार होते. पांढुर्णा-सौंसर रस्त्यावरून आत, आमच्या संत्र्याच्या बगीचापर्यंत त्यांना आणायचं कसं? नकाशात तिथे नुसता हिरवा पट्टा दिसायचा. मी बीई झालेला, सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा. एका संध्याकाळी मोबाइल हातात धरून धुऱ्याधुऱ्यानं चाललो, आमची गाडवाट अ‍ॅपवर रेघ ओढून टाकली, प्रकार विचारला तिथे ‘रस्ता’ निवडला आणि बगीचावर एक पिन खोचली. चार-पाच दिवसांत मंजूर झालं. मित्र न चुकता जेवायच्या पंगतीला हजर! मला फार कौतुक वाटलं होतं स्वतःचं.

ती वाट पांदण नाही. पांदण गावाची असते. ही आमच्या खसऱ्यातली, आजोबांनी बैलबंडीसाठी काढलेली. शेजारचे दोघं-तिघं विचारून जातात, पण विचारून. हा फरक मला माहीत होता. अ‍ॅपच्या यादीत मात्र ‘विचारून जायची वाट’ असा प्रकारच नव्हता.

मागच्या पोळ्याला घरी होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जांब नदीवर गोटमार असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या दिवशी रस्ते अडतात, गाड्या वळवतात. दुपारी पहिली गाडी आमच्या बगीचात शिरली. जामसावळीला हनुमानाच्या दर्शनाला निघालेलं एक कुटुंब, मोबाइलनं सांगितलं म्हणून आलेलं. मग दुसरी, मग एक मालाची गाडी. भादव्याच्या तोंडावरची काळी माती. तिसरी गाडी रुतली. चाकाखाली ठिबकच्या नळ्या तुटल्या, आंबिया बहाराच्या फांद्यांना लावलेले बांबूचे टेकू आडवे झाले, हिरवी फळं चिखलात. ट्रॅक्टर लावून गाडी ओढेपर्यंत अंधार पडला. लोक वाईट नव्हते. त्यांनी माफी मागितली, एकानं पैसेही पुढे केले. मोठ्या बाबांनी घेतले नाहीत.

“नकाशात हे कोनं टाकलं?” त्यांनी रात्री विचारलं. मी सांगितलं.

मला वाटलं नळ्यांवरून बोलतील. ते म्हणाले, “आज शंभर गाड्या गेल्या तं जाऊ दे. वीस सालानं कोनी म्हनन, हा रस्ता आमच्या वहिवाटीचा हाय, मोबाइलात पाहा. मंग तू येशीन का पुन्याहून साक्ष द्याले?”

चौथी शिकलेल्या माणसाचं ‘वीस सालानं’ हे मी सहज म्हटलेलं समजलो होतो. नंतर वाचलं तेव्हा गप्प झालो. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम 15 हेच सांगतं: दुसऱ्याच्या जमिनीतली वाट वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून वापरली, तर तो हक्क पक्का होतो. परवानगीनं वापरली तर होत नाही. आपल्याकडे मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेचं, म्हणजे 1959 च्या कायद्याचं कलम 131 आहे. वाटेचा तंटा तहसीलदाराकडे गेला की तो पूर्वीचा रिवाज बघून निर्णय देतो. आणि उद्याचा ‘पूर्वीचा रिवाज’ मी माझ्या बोटानं काढून ठेवला होता.

तेव्हा एक जुनी गोष्टही उलगडली. दर नागपंचमीला मोठे बाबा त्या वाटेवर बाभळीची काटी आडवी टाकतात. दिवसभर कुणीच जायचं नाही. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, त्यातलाच हा काही विधी असेल, असं मी लहानपणापासून समजत होतो. विधी कसला! ही वाट आमची आहे आणि तुम्ही आमच्या मर्जीनं जाता, हे आजोबा वर्षातून एकदा गावाला आठवण करून देत. एका दिवसाची काटी कोर्टात कितपत टिकते ते वकील सांगतील. गावात टिकली आहे.

दुसरा घाव मोठ्या आईला बसला. त्या दिवशीच्या कुणीतरी बगीचाचा, चारी बाजूंनी फिरवून बघता येतो असा फोटो नकाशावर चढवला. त्यात विहिरीजवळ ती, धुणं वाळत घालताना. अ‍ॅपनं चेहरा आपोआप धूसर केलेला. मी समजूत काढली, ओळखू येत नाही म्हणून. ती म्हणाली, “थोबाड पुसलं तं का झालं? लुगडं तं माहंच हाय नं!” अख्ख्या गावानं ओळखलं होतं. चेहरा झाकला की माणूस झाकला, हा हिशेब आम्ही शहरात बसून केलेला.

अमेरिकेत पिट्सबर्ग भागातल्या एका जोडप्याचा खटला मी मोठ्या बाबांना सांगितला. गूगलची फोटो काढणारी गाडी त्यांच्या खासगी रस्त्यानं आत गेली होती. 2008 मध्ये त्यांनी दावा लावला. 2010 मध्ये वरच्या कोर्टानं खासगीपणाचा मुद्दा फेटाळला, पण परवानगीशिवाय जमिनीत शिरल्याचा मुद्दा ऐकण्याजोगा मानला. वर्षाअखेर त्यांना भरपाई मिळाली एक डॉलर.

“म्हंजे किती?”

“तेव्हाचे पंचेचाळीस रुपये.”

मी हसलो. ते हसले नाहीत. “पन कागदावर आलं नं, का शिरला तो चुकला?”

आपल्याकडे रस्त्यावरच्या फोटोंची ही सोय 2011 मध्ये बेंगळुरूत सुरू होऊन पोलिसांनी थांबवली होती, आणि 2022 मध्ये पुणे, नाशिक, अहमदनगर धरून दहा शहरांत परत आली. 2021 पासून नकाशांचे नियमही बरेच सैल झाले. मला त्याचा राग नाही. माझं पोट अशाच कामावर आहे. आकाशातून दिसणाऱ्या चित्राचं काय करायचं ते मात्र कळत नाही. सहा बाय सहा मीटरवर लावलेली झाडं वरून एक-एक मोजता येतात. यंदा व्यापारी सौद्याला आला तो वाळलेल्या झाडांचा आकडा घरूनच घेऊन. पूर्वी तो बगीचात फिरायचा, मोठे बाबा त्याला चांगल्या ओळींतून आधी न्यायचे, चहा व्हायचा, मग भाव. ती थोडी लबाडी होती, कबूल. पण शेतकऱ्याच्या हातात तेवढीच होती.

भूलेखच्या संकेतस्थळावर आमचा खसरा कुणालाही बघता येतो, नावासकट. त्याबद्दल मोठ्या बाबांची तक्रार नाही. “नाव दिसलं तं बरंच हाय. मालक कोन ते तं समजन.”

रेघ पुसायला मला तीन महिने लागले. काढायला चार दिवस! दोनदा विनंती परत आली. माझा अंदाज असा की गाड्या त्या वाटेनं जाताना दिसत होत्या, म्हणून रस्ता आहे असं धरलं गेलं. आणि जाणाऱ्यांत दर सुट्टीला खिशात मोबाइल घेऊन फिरणारा मीही होतो. शेवटी ‘खासगी’ अशी नोंद झाली. फोटोची तक्रार केली आहे, तो अजून आहे.

या नागपंचमीला रजा काढून गेलो. काटी ओढायची पाळी पहिल्यांदा माझी. निघताना मोठ्या बाबांनी हात पुढे केला, माझा मोबाइल घेतला आणि देवघराच्या कोनाड्यात ठेवला.

“वाजला तं उचलू का?” मोठ्या आईनं आतून विचारलं.