वाढलेला आकडा

आज बीसीआर-एबीएलचा, म्हणजे रक्तातला आजाराचा अंश मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट आला. गेल्या वेळी ०.१ टक्क्याच्या खाली असलेला आकडा वर गेलाय. ताप नाही, थकवा नाही, भूक नेहमीसारखी. तरी कागद म्हणतो, काहीतरी बदललंय. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात मला हेच सगळ्यात अवघड जातं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. एका रिपोर्टवरून लगेच औषध बदलत नाहीत. गोळ्या चुकल्या का, दुसरं एखादं औषध आड येतंय का, हे आधी पाहायचं. मग पुन्हा तपासणी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आकडा चढतच राहिला, तर म्युटेशनची चाचणी. त्यापुढेही डॅसाटिनिब, निलोटिनिब अशी औषधं आहेत.

माझी रोजची गोळी म्हणजे इमॅटिनिब. २००१ मध्ये तिला मान्यता मिळाली. त्याआधीच्या रुग्णांना हा धीर नव्हता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून ही गोळी आपल्याकडे अनेकांच्या आवाक्यात राहिली. याचं मोल मला रोज जाणवतं.

भीती वाटतेय, तर वाटू दे. पण रोजची गोळी जेवणाबरोबर, ठरल्या वेळीच घ्यायची आणि पुढच्या तपासणीची तारीख उद्याच पक्की करायची. एवढं माझ्या हातात आहे, आणि ते मी नेटाने करणार.