काटा हलेना!

पाच आठवडे झाले, वजनाचा काटा ७८ वर ठाण मांडून बसलाय. पहिल्या महिन्यात चार किलो उतरले तेव्हा काय तो उत्साह! पण त्यातलं बरंचसं पाणीच. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी. खाणं कमी केलं की आधी हे दोन्ही जातं. पुढे देह हलका झाला की त्याला इंधनही कमी पुरतं, शिवाय तो काटकसर करायला लागतो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, तर त्यांच्या नाडीचे ठोकेसुद्धा मंदावले! म्हणजे काटा अडतो तो काही आपल्या आळसामुळेच नव्हे.

हे कळलं तरी रोज सकाळी हिरमोड व्हायचा तो होतोच हो. मग स्वतःला विचारलं, बाई गं, हे सगळं कशासाठी? उत्तर घरातच आहे. मधुमेहानं बाबांच्या पायाचं बोट गेलं आणि माझी साखरही सीमारेषेवर. वजन हे निमित्त, पाय शाबूत राहायला हवेत!

म्हणून आता काट्याची भेट फक्त रविवारी. रोजचा हिशेब पर्वतीच्या पायऱ्यांचा. आधी तीनदा थांबायचे, आता एकदाही नाही. एचबीएवनसी ६.२ वरून ५.९ वर आलंय. ते काट्याला कुठे दिसतं?

असो. तुमचाही काटा रुसला असेल, तर दम कितीदा लागतो ते मोजा बरं.