हमीपत्राचे व्याकरण

२०२३ च्या गुढीपाडव्याला आम्ही विजेवर चालणारी स्कूटर घेतली. सोबत मिळालेली जाडजूड पुस्तिका मी तेव्हा पेढ्यांच्या डब्याखाली ठेवून दिली होती. ऑक्टोबरात गाडी बंद पडली आणि पुस्तिका शोधावी लागली. मुखपृष्ठावर तुपाचा डाग होता. आत एकही पान उघडल्याची खूण नव्हती. साहित्याच्या प्राध्यापकाचे वाचन हे असे.

सेवा केंद्राने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि जॉबकार्डावर इंग्रजीत एक वाक्य लिहून दिले. त्याचे मराठी असे होईल : मोटरच्या कंट्रोलरमध्ये पाणी शिरल्याचे आढळून आले, सबब दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. खर्च एकवीस हजार रुपये. आढळून आले, पण कोणाला? कशावरून? कर्ता दडवून निर्णय तेवढा पुढे सरकवणारी ही वाक्ये मी वर्षानुवर्षे वर्गात फळ्यावर लिहून दाखवीत आलो आहे. त्यांपैकी एखादे माझ्याच नावावर फाडले जाईल असे वाटले नव्हते. काउंटरवरच्या मुलाला विचारले, तर तो निरागसपणे म्हणाला, "सर, पूर आलता नं नागपुरात. तेव्हापासून अशाच गाड्या येऊन राहिल्या."

पूर आला होता, हे खरेच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आमचे घर मानेवाड्याला; आमच्या गल्लीत ओट्याची पायरीही भिजली नाही. हे सारे मी कंपनीला सविस्तर कळवणार होतो. पण लिहायला बसलो आणि हात थांबला.

त्या शनिवारी दुपारी मी डागा लेआउटमध्ये गेलो होतो. माझे गुरुजी तिथे तळमजल्यावर राहतात. त्यांचा ग्रंथसंग्रह भिजल्याचा फोन आला होता. वाटेत शेपन्नास पावले मी स्कूटर पाण्यातून नेली. चाकाचा निम्मा भागही बुडत नव्हता आणि कंट्रोलर तर त्याच्या कितीतरी वर, आसनाखाली असतो. तरी पाणी ते पाणीच. (गुरुजी अंगणात खाटेवर पुस्तके वाळत घालीत होते. फुगलेली पाने एकमेकांपासून सोडवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्या दिवशी स्कूटरचा विचार मनात येणे शक्य नव्हते.)

एका सहकाऱ्याचा सल्ला होता, "हे कायले लिहिता सर? गाडी घरीच होती म्हणा. कोण पाहायला आलं होतं?" सल्ला व्यवहाराचा होता. मोह झाला, हेही कबूल करतो. पण ज्या वाक्यातला कर्ता गायब म्हणून मी भांडायला निघालो, त्याला उत्तर देताना घटनाच गायब करणे जमेना. मी पन्नास पावलांसकट सर्व लिहिले. पंधरा दिवसांत उत्तर आले : ग्राहकाने पाण्याचा संपर्क स्वतःच मान्य केला आहे.

मग पुस्तिका शब्दशः वाचली. वगळलेल्या कारणांत पूर आणि भूकंप होते. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले पाणी नव्हते. उलट माहितीपत्रकात बॅटरीला आयपी ६७ दर्जा असल्याचे मोठ्या अक्षरांत छापले होते; म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटे बुडाली तरी आत पाणी शिरू नये. कंट्रोलरविषयी मात्र मौन. विक्रीच्या भाषेत पाणी म्हणजे पराक्रमाची संधी, दुरुस्तीच्या भाषेत तोच ग्राहकाचा अपराध. गॅरंटी आणि वॉरंटी यांत दुकानदार मोठा फरक सांगतात. वास्तविक हे एकाच जर्मानिक मूळाचे, फ्रेंचच्या दोन बोलींतून इंग्रजीत आलेले जुळे शब्द आहेत. आपला 'जामीन' अरबीतला. आश्वासनाचे शब्द आपण सारेच उसने आणतो, असे तेव्हा चिडून वाटले होते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. सिव्हिल लाइन्समधील जिल्हा आयोगात मी मराठीतच तक्रार दिली. इथल्या आदेशांत मी 'तक्रारकर्ता' आणि समोरचा 'विरुद्ध पक्ष'. पुण्याकडे 'तक्रारदार' आणि 'जाबदार' म्हणतात. विदर्भाने 'कर्ता' राखला याचे मला उगाचच समाधान वाटले.

कंपनीच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा एक निर्णय पुढे केला : सदोष क्लचच्या त्या प्रकरणात, वॉरंटी भाग बदलण्यापुरती असेल तर अख्खी मोटार बदलून मागता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. मी मागत होतो तो एक भागच. शिवाय दोष तपासणीविना ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. तशी विनंती करताच प्रस्ताव आला. 'सद्भावना म्हणून' कंट्रोलर विनामूल्य बदलून देऊ, तक्रार मागे घ्या.

म्हणजे चूक कोणाचीच नाही आणि वर उपकार माझ्यावर. 'सद्भावना' काढून 'वॉरंटीअंतर्गत' लिहा, असा मी हट्ट धरला. ते नाही म्हणाले. एक तारीख गेली, दुसरी गेली. मुलगी हिंगण्याच्या कॉलेजला दोन बस बदलून जात होती. एका रात्री साडेआठला घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, शब्द तुम्ही ठेवा. मला गाडी द्या."

मी सही केली. ती अजूनही बोचते.

गाडी आणायला गेलो तेव्हा काउंटरवर तोच मुलगा होता. नव्या जॉबकार्डावर कामाचा प्रकार या रकान्यात 'वॉरंटी' असे छापून आले होते. मी बोट ठेवले. तो म्हणाला, "कंप्युटरमध्ये दोनच आहेत सर, पेड नाहीतर वॉरंटी. सद्भावना असं काही येतच नाही त्याच्यात."

मी कार्डाची घडी घालून ते पुस्तिकेत ठेवले आणि चावी मागितली.