भिंतीला डोळे देणारा चित्रकार

चि. सई हिला,


तुझं पत्र आणि सोबतची चित्रं मिळाली. ‘कितारो’ या जपानी चित्रकथा-मालिकेतली ती चालती भिंत पाहून तू विचारलंस, जपानी चित्रकारांना असली भुतं सुचतात तरी कुठून? तू चित्रकथा काढायचं मनावर घेतलं आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही मालिका ज्यांची, ते शिगेरू मिझुकी १९२२ साली जन्मले आणि साकाइमिनातो या बंदराच्या गावी वाढले. त्यांच्या घरी कामाला एक म्हातारी यायची. देवाधर्माचं करणाऱ्यांना त्या भागात ‘नोन्नोन-सान’ म्हणत, म्हणून ही ‘नोन्नोनबा’. तक्तपोशीवर डाग दिसला की ती सांगायची, रात्री ‘तेंजोनामे’ येतो आणि छत चाटून जातो, त्याचा हा डाग. हा छतचाट्या तिच्या मनचा नव्हता. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने अठराव्या शतकातच त्याचं चित्र छापलं होतं. अशा अद्भुत जिवांना जपानीत ‘योकाई’ म्हणतात. नोन्नोनबामुळे ते शिगेरूच्या घरचेच झाले.

पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांना राबाउलच्या आघाडीवर धाडलं. तिथे बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. त्याआधीची एक आठवण ते सांगत. शत्रूच्या तावडीतून सुटून काळोखात एकटेच जंगल तुडवत असताना समोर एकदम काहीतरी आडवं आलं. पाऊल पुढे पडेना. ती ‘नुरिकाबे’च, असं ते म्हणत. लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनियो यांनी क्युशूच्या किनाऱ्यावरची ही समजूत नोंदवून ठेवली आहे: रात्रीच्या वाटेवर अचानक भिंत उभी राहते, आणि काठीने तिचा तळ झाडला की ती नाहीशी होते. त्या नोंदीत भिंतीला ना डोळे, ना पाय. ते दिले मिझुकींनी. आज जपानमधलं लहान पोरही नुरिकाबे ओळखतं ते त्या रूपावरून.

आणि सई, कितारोसुद्धा मुळात त्यांचा नव्हे. तो ‘कामिशिबाई’तला, म्हणजे कागदी नाटकातला. सायकलवर लाकडी चौकट घेऊन माणूस गल्लीत यायचा, लाकडाचे दोन ठोकळे वाजवून पोरं गोळा करायचा, त्यांना गोळ्या विकायचा आणि मग एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा. स्मशानात जन्मलेल्या कितारोची गोष्ट १९३० च्या दशकात अशीच गल्लोगल्ली फिरली होती. युद्धानंतर मिझुकी कोबे शहरात कामिशिबाईची चित्रं रंगवून पोट भरत होते, तेव्हा ती त्यांच्या हाती आली. पुढे भाड्याने मिळणाऱ्या चित्रकथांच्या पुस्तकांतून आणि साप्ताहिकातून ती वाढली आणि १९६८ साली दूरचित्रवाणीवर ‘गेगेगे नो कितारो’ होऊन आली. लहानपणी ‘शिगेरू’ म्हणता येईना, तेव्हा ते स्वतःला ‘गेगेरू’ म्हणत. तो ‘गेगेगे’ तिथला.

म्हणून तुझ्या चित्रांबद्दल स्पष्ट लिहिते, रागावू नकोस. हात तयार आहे, पण तू डोळे, केस, कपडे सगळं त्यांचं उचललं आहेस. ज्यातून ते आलं ते तुला उचलता येणार नाही, कारण ती त्या गावची म्हातारी होती, त्या किनाऱ्यावरची वाट होती. मिझुकींनी आधी मन लावून ऐकलं, मग काढलं. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे.

साकाइमिनातोच्या रस्त्यावर आता १७० हून अधिक ब्राँझच्या मूर्ती आहेत, बहुतेक योकाईंच्या. त्यांत नोन्नोनबाही आहे, शेजारी लहानगा शिगेरू. मिझुकी २०१५ मध्ये गेले, पण ती दोघं तिथेच आहेत.

मे महिन्यात आजीकडे जाशील. विहिरीपाशी तिन्हीसांजेला कोण बसतं म्हणून ती सांगते, ते या खेपेला पूर्ण ऐक. मध्ये हसू नकोस. मग त्याचं चित्र काढ आणि पहिलं मला पाठव.

तुझी,
मावशी