लांबचा पल्ला, सुखाची बैठक

दिल्लीच्या द्वारकेजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ जयपूर, मुंबई, पुणे, कोल्हापूर करत थेट चेन्नईला पोहोचतो. सुट्टीत मोटरसायकलवरून जयपूर गाठण्याचा मोह इथल्या जोडप्यांना झाला नाही तरच नवल! पण अडीचशेहून अधिक किलोमीटर कापताना पाठ आणि मनगटे कुरकुरू लागतात.

मग मेट्रोच्या ब्लू लाइनने करोल बागेचा बाजार गाठला जातो. तिथे दुचाकीचे हवे ते सामान मिळते; मात्र खर्चाचा क्रम चुकू नये. आधी हँडल असे बसवावे, की कोपरे किंचित वाकलेली राहतील. मग सीट. फार मऊ सीट लवकर दबते, घट्ट फोमची जास्त साथ देते. मागे बसणाऱ्या पत्नीच्या पाठीला टेकू हवाच. चकचकीत दिवे नंतर.

दर ५०० किलोमीटरला साखळीला वंगण द्यावे. टायर थंड असतानाच हवा तपासावी. दोघे आणि सामान असेल तर मागच्या चाकात पुस्तिकेत दिल्याप्रमाणे जास्त भरावी. सायलेन्सर बदलून आवाज वाढवणे हा तर कायद्याने गुन्हा, शिवाय डोक्याला ताप!

आणि दर दीड तासाने थांबून पाय मोकळे करावेत. या सोयीला एक पैसाही लागत नाही.