कानशीवरचा हात

मिरजेच्या आमच्या गल्लीत ‘पिढीजात काम’ असं कुणी छातीठोकपणे म्हणालं की मला हसू येतं. तंबोरे बनवण्याचा हा धंदाच मुळी धंदा बदलून आलेला. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. राज्यं गेली, तलवारींना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा १९व्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरे हातात घेतले. पोलादावर बसलेला हात भोपळ्यावर बसवायचा, म्हणजे काय गंमत आहे?

माझ्यावरही धंदा बदलायची पाळी आलीच. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मागोमाग मोबाइलमधला. क्लासच्या पोरांनी एवढं मोठं धूड लोकलमध्ये कशाला चढवावं? ‘खरा सूर कळतो कुणाला आता’ म्हणत दुकानात चहा रिचवणारे पुष्कळ होते, मीही असायचो त्यांत. पण गप्पांनी खुंटी पिळली जात नाही. विकलेले जुने तंबोरे गेले कुठे, हे शोधत निघालो. ते माळ्यावर, गवसणीत पडून होते. तारा गंजलेल्या, भोपळ्याला चीर, तारा पेलणारी घोडी झिजलेली. मालकांना मिरज गाठणं जमत नाही, म्हणून मीच अवजारांची पिशवी घेऊन पुण्या-मुंबईला जायला लागलो. आज नव्या तंबोऱ्यापेक्षा जवारीवर माझं घर जास्त चालतं.

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याचं काम. माथा सपाट दिसतो, पण त्याला नखभर उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहते आणि त्यातून तो झणकार निघतो. कानस एकदा जास्त फिरली की आवाज मुका. मग तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. खर्ज उघडला की हात उचलायचा. हा हात उचलणंच शिकायला वेळ लागतो.

घोडीचं सामानही बदललं. हस्तिदंत गेला, सांबरशिंग कायद्यानं गेलं, उंटाचं हाड राहिलं, हल्ली डेल्रिन नावाचं प्लास्टिक आलंय. जुने कारागीर नाक मुरडतात. रोज तासन्‌तास रियाज करणाऱ्याला मी बिनदिक्कत डेल्रिन सुचवतो, कमी झिजतं. मैफलीच्या तंबोऱ्याला मात्र हाडच. कानांना नाही फसवता येत.

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. हारतुरे झाले, बरं वाटलं. पण पुण्याची फेरी काही चुकली नाही.

तिथे एक मुलगी म्हणाली, “काका, ॲपसारखा लावून द्या.” राग आला नाही म्हणणार नाही. तरी तिला ॲप लावायला सांगितलं. काळी चार, जवारी मोकळी. ज्या कुणी ॲपमध्ये भरलेला मूळ तंबोरा लावला होता त्याचा हात तयार होता! तिच्या तंबोऱ्याची जवारी तशीच मोकळी केली आणि दोरा सरकवायला तिलाच बसवलं. आता आवाज बिघडला की ती फोनवर चारही तारा छेडून दाखवते, आणि मी इथून ओरडतो, “पंचमाचा मागे घे... अजून थोडा... बास!”